मशेरी आणि खर्रा: दोन्ही एकाच पद्धतीने सुटतील का?

ऊसपट्टा (धागाकर्ता)

एकाच घरातल्या तिघांबद्दल विचारायचं आहे. लांबण न लावता माहिती देतो.

आई, वय ५८, कराडजवळचं गाव. तीसेक वर्षं मशेरी लावते. दिवसातून पाच वेळा. पहिली उठल्या उठल्या, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. तंबाखू घरीच तव्यावर भाजून कुटते. खालच्या ओठाच्या आत पांढरट, सुरकुतलेला भाग दिसतो. दुखत नाही. खालचे पुढचे दोन दात हलतात.

भाऊ, वय ३१, नोकरी चंद्रपूरला. सहा वर्षांत रोज आठ खर्र्यांवर (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी) पोचलाय. वर्षभरापासून तिखट अजिबात सहन होत नाही, शिट्टी वाजत नाही, तोंडात दोन बोटांपेक्षा जास्त जात नाहीत. आता म्हणतो, तंबाखू सोडतो आणि नुसत्या सुपारीवर येतो.

वहिनी गावी आईजवळ असते. पाचवा महिना चालू आहे. तीही सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते.

"तंबाखू वाईट असते" हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पाकिटावरची चित्रंही रोज दिसतात. मला पुढचं हवंय: आधी कोणाला कुठे न्यायचं, सोडायचं कसं, आणि सोडताना नेमकं कुठे फसतं.

---

दाढ_नंबर_आठ

आधी भाऊ. तुम्ही लिहिलेली लक्षणं (तिखट झोंबणं, शिट्टी न वाजणं, तोंड कमी उघडणं) सबम्युकस फायब्रोसिसची आहेत. गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू चामड्यासारखी ताठ होते. गाल आतून चाचपला तर उभे दोर लागतात, रंग गुलाबी न राहता फिकट, संगमरवरी होतो. पुढे जीभही पूर्ण बाहेर येत नाही.

आता नुसत्या सुपारीबद्दल. हा आजार करणारा मुख्य गुन्हेगार सुपारीच आहे, तंबाखू नव्हे. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन हे अल्कलॉइड पेशींना जास्त कोलॅजन (धाग्यांसारखं प्रथिन) बनवायला लावतं. सुपारीत तांबं भरपूर असतं. ते त्या कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणणाऱ्या एन्झाइमला चालना देतं. असं विणलेलं कोलॅजन शरीराला मोडता येत नाही. म्हणून खर्र्यातून तंबाखू वगळून सुपारी ठेवणं म्हणजे तोंड बंद करणारा अर्धा भाग तसाच चालू ठेवणं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखूविना, पहिल्या गटात म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. "तंबाखूविरहित" लिहिलेला पानमसाला, गोड सुपारी, सुगंधी सुपारी सगळं त्यातच आलं.

मोजायचं कसं: बोटांवर विसंबू नका, बोटं प्रत्येकाची वेगळी. सहा इंची प्लास्टिकची पट्टी घ्या. तोंड ताणून उघडायला सांगा आणि वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या पुढच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. साधारण ३५ च्या वर असेल तर सुरुवातीची पायरी, २६ ते ३५ दुसरी, १५ ते २५ तिसरी. १५ च्या खाली गेलं की बहुधा शस्त्रक्रियेच्याच गोष्टी निघतात. दोन बोटं म्हणजे तो दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या सीमेवर असावा.

हा आजार खर्रा सोडला तरी मागे फिरत नाही, फार तर थांबतो. आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो: केरळात १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या एका गटात ७.६ टक्के जणांना तो झाला. म्हणून त्याला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात या महिन्यातच दाखवा. तिथे ओरल मेडिसिन किंवा ओरल सर्जरी विभागाचा केसपेपर काढायचा, साध्या दात काढायच्या रांगेत थांबायचं नाही. सोबत हिमोग्लोबिनचा रिपोर्ट न्या. या आजारात रक्त कमी असलं तर जळजळ वाढते आणि औषधाचा गुणही कमी येतो.

आता आई. मशेरी जिथे घासतात किंवा धरून ठेवतात तिथेच असा सुरकुतलेला पांढरा भाग येतो, आणि मशेरी बंद केल्यावर तो बऱ्याचदा काही आठवड्यांत फिका पडतो. पण न दुखणं ही समाधानाची गोष्ट नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. पांढऱ्यात लाल, मखमलीसारखा भाग असेल, हाताला कडक लागत असेल, किंवा तिथे जखम होऊन तीन आठवड्यांत भरत नसेल, तर तुकडा काढून तपासायचा. मलम लावून महिनाभर वाट बघायची नाही. तिला पंधरवड्याच्या आत दंतवैद्याला दाखवा आणि आजच त्या भागाचा फोटो काढून ठेवा. मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवा, ओठ खाली ओढून शेजारी पट्टी धरा. सहा आठवड्यांनी तुलना करायला हाच फोटो उपयोगी पडेल.

---

तलफमोजणी

धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही. मशेरी आणि खर्रा एका पद्धतीने सुटत नाहीत, कारण दोन्ही व्यसनं त्या त्या माणसाच्या दिवसात वेगळं काम करतात. निकोटीन दोन्हीकडे एकच, पण बहुतेक जण निकोटीनवर हरत नाहीत, त्या कामावर हरतात.

मशेरी लावणाऱ्या बाईला विचारलं तर तीन कामं हमखास निघतात: शौचाला होणं, दातदुखी थांबणं, भूक मारणं. खुरपायला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत तिसरं कारण फार मोठं आहे. या तिन्हींना आधी पर्याय उभा करा, तारीख मग ठरवा. उलटं केलंत तर चौथ्या दिवशी पोट फुगलं म्हणून पुन्हा तवा चढतो.

पोट: निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून मशेरी लावली की कळ येते. ती खरीच येते, मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नका. सोडल्यावर दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होतो. त्यामुळे सोडायच्या आठ दिवस आधीपासून रात्री झोपताना दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या. चूक होते ती पाण्यात: घोटभर पाण्यात इसबगोल घेतलं तर पोट आणखी घट्ट होतं. सकाळी उठल्यावर ग्लासभर कोमट पाणी, चहा प्यायल्यावर वीस मिनिटांच्या आत संडासला बसायचं, कळ असो वा नसो. आतड्याला वेळेची सवय लागते.

दात: हलणारे, किडलेले दात असतील तर मशेरीने ठणका काही वेळ दबतो. ठणका तसाच ठेवून मशेरी काढून घेतली तर ती परत येणारच. आधी दातांचं काम. ब्रश मऊ घ्या, पेस्ट साधी फ्लोराइडची. तपकिरी, काळी दंतमंजनं टाळा. १९९२ पासून दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे, पण आठवडी बाजारात सुटं मिळणारं काय असतं ते कोणी तपासत नाही.

भूक: दहा वाजताची मशेरी काढली की दहा वाजता काहीतरी खायला हवंच. भाकरीचा तुकडा, मूठभर फुटाणे. "खाऊ नकोस, वजन वाढेल" असं त्या महिन्यात कोणी म्हणू नये.

मग वेळापत्रक. पाच वेळांपैकी सगळ्यात सोपी आधी काढायची. बहुधा ती दुपारची, शेजारणीबरोबर गप्पा मारताना लावलेली असते. तीन-चार दिवसांनी दुसरी. सकाळची पहिली सगळ्यात शेवटी, कारण रात्रभरात रक्तातलं निकोटीन उतरलेलं असतं आणि तलफ तेव्हा सर्वांत जोरात असते. दोन ते तीन आठवड्यांत शून्यावर. त्याहून लांबवलं की "दोनवर आणलं ना, बास" इथेच गाडी अडते. दोनवर आलेला माणूस आठ दिवसांच्या लग्नसराईत परत पाचवर जातो.

शून्याच्या दिवशी भाजायचा तवा आणि डबी घरातून बाहेर गेली पाहिजे. घासून ठेवलेला तवासुद्धा नको, त्याला वास राहतो. आणि घरात भाजणं आजपासूनच बंद करा, सोडायची तारीख काहीही असो. तंबाखू काळी होईपर्यंत जळते तेव्हा डांबरात असतात तसली कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात. ती पुडीत राहतात आणि धुरातून त्याच खोलीतल्या सुनेच्या पोटातही जातात.

खर्र्याचं वेगळं. तिथे तोंडाला चघळायची सवय असते, हाताला प्लास्टिकवर घोटलेली पुडी उघडायची सवय असते, आणि टपरीवर चार माणसांत उभं राहायचं असतं. भावासाठी हळूहळू कमी करण्याची पद्धत वापरू नका. ज्याचं तोंड बंद होत चाललंय त्याला प्रत्येक खर्रा महाग आहे. आठ-दहा दिवसांतली एक तारीख, शक्यतो सुट्टीला जोडून, आणि त्या दिवशी एकदम बंद. तारखेच्या आधी टपरीवरची उधारी चुकती करून खातं मिटवायचं. हे किरकोळ वाटतं, पण पैसे द्यायला म्हणून टपरीवर गेलेला माणूस हातात पुडी घेऊनच परततो.

तोंडात ठेवायला: भाजलेली बडीशेप, भाजलेले जवस-तीळ, आवळकाठी, ज्येष्ठमधाची कांडी. लवंग आणि ओवा इतरांना चालतील, याला नको, आधीच झोंबतंय. तयार मुखवासाची पाकिटं वाचून घ्या, निम्म्यांत सुपारीचा बारीक कीस निघतो.

तलफ पाच-दहा मिनिटांची लाट असते. ती न भागवताही ओसरते, हे माणसाला घड्याळ लावून एकदा दाखवा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप न लागणं, डोकं जड. दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं.

फोनवर मराठीत समुपदेशन हवं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, मोफत. ते ठरलेल्या दिवशी स्वतःहून परत फोन करतात, तो भाग खरा उपयोगाचा. दोघांचे दोन वेगळे फोन लावा. आईच्या वतीने मुलाने बोलून काही होत नाही.

---

कातरलेली_सुपारी

सुपारीवर जरा जास्तच होतंय. आपल्याकडे पूजेपासून विड्यापर्यंत सुपारी आहे. आज्या-पणज्या जेवणानंतर अडकित्त्याने कातरून खात होत्या, त्यांची तोंडं बंद पडली का? दोष खर्र्यातल्या केमिकलचा असणार.

---

दाढ_नंबर_आठ

पूजेतली सुपारी कोणी चघळत नाही, तिच्याबद्दल भांडण नाही.

फरक मात्रेचा आणि वेळेचा आहे. जेवणानंतर कातरलेल्या दोन-चार खापा, त्याही पानात, दोन मिनिटांत खाऊन संपणाऱ्या, ही एक गोष्ट. खर्रा किंवा मावा म्हणजे प्रामुख्याने सुपारीच, तंबाखू त्यात थोडीच. तो गालात धरून अर्धा-अर्धा तास, दिवसातून आठ वेळा. म्हणजे गालाच्या एकाच जागी रोज तीन-चार तास अ‍ॅरेकोलिन. पणजीबाईंच्या गालाला हे कधी झेलावं लागलं नाही. पूर्वी हा आजार होत नव्हता असंही नाही. १९५३ साली त्याचं भारतातलं पहिलं वर्णन छापून आलं, तेव्हा गुटख्याची पाकिटं जन्मालाही आली नव्हती. पुडी आल्यावर झालं काय, तर तो विशी-तिशीतल्या पोरांत दिसू लागला.

"केमिकल" शोधायचंच तर चुना बघा. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते आणि अल्कधर्मी लाळेत निकोटीन गालातून झरझर रक्तात शिरतं. तंबाखू चुन्याशिवाय मळत नाहीत ते याचसाठी. वर चुना त्वचा सोलतो, मग बाकीचं सगळं आत जायला वाट मोकळी.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तेव्हापासून दुकानात पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी मिळू लागली, मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं. खर्रा तर टपरीवर डोळ्यांसमोर घोटून मिळतो, त्याला कारखानाच लागत नाही.

---

फार्मसी_काउंटर

निकोटीन गमबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काउंटरवर दोन प्रकारचे लोक येतात: गमला काही अर्थ नाही म्हणणारे, आणि गमने पोटात आग पडली म्हणणारे. दोघांचीही चूक एकच. त्यांनी तो च्युइंगगमसारखा चावला.

बरोबर पद्धत: सावकाश चावायचा, दहा-पंधरा वेळा, जिभेला मिरमिर लागेपर्यंत. मिरमिर लागली की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चव गेली की पुन्हा चार वेळा चावायचा, जागा बदलून ठेवायचा. एक गम असा अर्धा तास चालतो. सतत चावलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा तलफेला उपयोग शून्य. उचकी, मळमळ, जळजळ मात्र मिळते.

दुसरी चूक चहाची. वर चुन्याबद्दल जे लिहिलंय तेच इथे उलटं लागू होतं. गममध्ये तोंड किंचित अल्कधर्मी ठेवणारा क्षार घातलेला असतो. चहा, कॉफी, लिंबूपाणी, कोल्ड्रिंकने तोंड आम्लधर्मी होतं आणि निकोटीन गालातून शोषलंच जात नाही. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत साध्या पाण्याशिवाय काही नाही.

मात्रा: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली मशेरी किंवा पहिला खर्रा लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. चारसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. लोक करतात काय, तलफ आली की एक, अशी दिवसात तीन-चार घेतात, आठवड्यात सोडून देतात आणि मग औषध कुचकामी म्हणतात. घड्याळाप्रमाणे घ्यायचा असतो, तलफेप्रमाणे नव्हे.

पण धागाकर्त्यांच्या घरात गम दोघांनाही बसत नाही! आईचे दात हलतात आणि भावाचा जबडा उघडत नाही. आईला निकोटीनची तोंडात विरघळणारी गोळी बघा. ती चावायची नाही, गिळायची नाही. गालात ठेवून वीस-तीस मिनिटांत विरघळू द्यायची, मधूनमधून बाजू बदलायची. दिवसाला वीसच्या आत. भावाला त्वचेवर लावायची पट्टी डॉक्टर ठरवतील त्या ताकदीची. रोज सकाळी नवी, दंडावर किंवा पाठीवर कोरड्या, केस नसलेल्या जागी, आणि रोज जागा बदलून. पुन्हा त्याच जागी लावली की खाज आणि लाली येते. रात्री फार स्वप्नं पडून झोपमोड होत असेल तर झोपताना काढून टाकायची.

मशेरी-तंबाखूच्या बाबतीत पुराव्याने जास्त भक्कम ठरलेल्या दोन गोष्टी म्हणजे ही विरघळणारी गोळी आणि व्हॅरेनिक्लिन नावाचं औषध. व्हॅरेनिक्लिन चिठ्ठीवरच. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सोडायची तारीख दुसऱ्या आठवड्यात ठेवतात. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळ हमखास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून शेजाऱ्याची उरलेली स्ट्रिप वापरू नका. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर यातलं काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

यातलं कोणतंही औषध सुपारीची तलफ भागवत नाही. पट्टी लावूनही भावाला काहीतरी चघळावंसं वाटेल, तेव्हा पट्टी लागू पडत नाही असा अर्थ काढू नका. तिथे वर सांगितलेली बडीशेप.

---

ऊसपट्टा

फार उपयोगी. भावाकडून मोजून घेतलं: २७ मिमी. नागपूरला पुढच्या गुरुवारी जातोय. दोन प्रश्न राहिले.

वहिनीला गोळी-पट्टी चालेल का? "पाचव्या महिन्यात अचानक सोडलं तर बाळाला झटका बसेल" असं गावात सांगतात.

आणि तोंड उघडायचे व्यायाम असतात म्हणे, ते कोणते?

---

पीएचसी_सिस्टर

वहिनींचं मी घेते.

बाळाला झटका वगैरे काही बसत नाही. गरोदरपणात मशेरी कोणत्याही महिन्यात, कोणत्याही दिवशी एकदम थांबवता येते. दिवसाला दोनच वेळा आहे, म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचीही गरज नाही. औषध मात्र नाही: आधी समुपदेशन, आणि अगदीच जमलं नाही तर निकोटीनचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा. व्हॅरेनिक्लिन गरोदरपणात देत नाहीत.

निकोटीनने वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू-मशेरी वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली, आणि प्रसूतीही सरासरी सहा दिवस आधी झाली. १०५ ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं, पण अडीच किलोच्या सीमेवरचं बाळ त्या शंभर ग्रॅमने कमी वजनाच्या यादीत जातं. बाळ लहान झालं की बाळंतपण सोपं जातं असं काही घरांत मुद्दाम सांगितलं जातं. ते सासूबाईंसमोरच खोडून काढा, वहिनींना एकटीला सांगून भागणार नाही.

गरोदरपणात मशेरी सुरू राहण्याची नेहमीची कारणं म्हणजे मळमळ आणि बद्धकोष्ठ. बद्धकोष्ठ लोहाच्या गोळ्यांनीही वाढतो. तेव्हा होतं असं: शौचाला होत नाही म्हणून बाई लोहाची गोळी बंद करते आणि मशेरी चालू ठेवते. नेमकं उलटं हवं. लोहाची गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. इसबगोल चालतं, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. मळमळीसाठी उठल्यावर आधी कोरडं काहीतरी, राजगिऱ्याची वडी किंवा खाकरा, मग ब्रश. उपाशीपोटी ब्रश तोंडात घातला की उलटी येते आणि "मशेरीने येत नाही" म्हणून मशेरी.

माता-बाल संरक्षण कार्डावर तंबाखूची नोंद करायला सांगा. सिस्टरांना सांगायची लाज वाटते, म्हणून बायका विचारल्यावर नाही म्हणतात. "तंबाखू खाता का?" ला उत्तर नाही येतं, कारण मशेरीला कोणी तंबाखू समजतच नाही! विचारायचं "दात कशाने घासता?" असं.

आईंसाठीही एक. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई फॉर्म भरतात, तोंड उपकेंद्रात तपासतात. आईंचा फॉर्म भरला गेलाय का ते विचारा.

---

दाढ_नंबर_आठ

२७ वर असताना येताय, हे बरं झालं.

व्यायाम: आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या किंवा दवाखान्यात जीभ दाबायला वापरतात त्या पट्ट्या घ्या. आरामात मावतील तितक्या एकावर एक रचून दाढांच्या मध्ये ठेवायच्या. मग मधोमध आणखी एक सरकवायची, इतकी की ताण जाणवेल पण कळ येणार नाही. तीस सेकंद थांबायचं, काढायच्या, पुन्हा. असं पाच वेळा. दिवसातून चार-पाच वेळा हे करायचं, आधी कोमट पाण्याने चूळ भरून, म्हणजे गाल सैल पडतात. आठवड्याला एखादी काडी वाढली तर छान, नाही वाढली तरी आहे तेवढी टिकवणं हाही हिशेबच आहे. शिवाय गाल फुगवून हवा दहा सेकंद धरून ठेवणं आणि जीभ बाहेर काढून हनुवटीकडे ताणणं.

चुका: काड्या पुढच्या दातांत घालणं (दात हलतात), एका दिवसात तीन काड्या वाढवणं (आतली त्वचा फाटते, भरताना आणखी आकसते), आणि खर्रा चालू ठेवून व्यायाम करणं. तिसरी सर्वांत सामान्य. इंजेक्शनांचंही तसंच आहे. गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं ठरावीक आठवडे देतात, त्याने ताठपणा सैलावतो. पण इंजेक्शनांनी पाच मिलिमीटर मिळालं आणि खर्र्याने सहा नेलं असं होतं. सोबत लायकोपीन, जीवनसत्त्वं, लोह देतात. खाणं काही महिने बिनतिखट, कोमट.

नागपुरात हे विचारून या: गालात कुठे पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तुकडा काढायची गरज आहे का, आणि पुढची तपासणी कधी. सोडल्यानंतरही दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवत राहायचं आहे, दरवेळी मिलिमीटर लिहून घ्यायचे.

घरी तपासणी महिन्यातून एकदा, तिघांचीही. खिडकीच्या उजेडात, टॉर्च आणि आरसा घेऊन: ओठ उलटून, दोन्ही गाल बोटाने बाहेर ओढून, हिरड्या आणि गालामधली खाच (आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग बहुतेक तिथेच सुरू होतो, कारण पुडी तिथेच बसते), जीभ रुमालात धरून दोन्ही कडा, जीभ टाळूला लावून खालची जागा, शेवटी मानेच्या दोन्ही बाजूंना गाठ. तीन मिनिटांचं काम. केरळातच तिरुवनंतपुरम जिल्ह्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी अशी तपासणी केली, तेव्हा तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. दारूचं विचारलं नाहीत, पण भाऊ घेत असेल तर तंबाखूबरोबर तिचा धोका नुसता मिळवला जात नाही, गुणला जातो.

---

तलफमोजणी

एक राहिलं. भाऊ नागपूरहून चंद्रपूरला एकटा परतणार, तिथे त्याच टपऱ्या. पहिले पंधरा दिवस कामावर जायचा रस्ता बदलता येत असेल तर बदला. खोलीवर सोबत राहणारा खर्रा खात असेल तर त्याला सोडायला सांगू नका, फक्त खोलीत पुडी आणू नको एवढं सांगा, ते लोक ऐकतात.

घसरला तर लगेच त्याच दिवशी पुढचा खर्रा थांबवायचा. "आता सोमवारपासून" म्हटलं की आठवडाभर आठच्या जागी दहा होतात. आणि तो कुठे, कोणासोबत, किती वाजता खाल्ला ते लिहायचं. तिसऱ्या नोंदीपर्यंत बहुधा एकच जागा किंवा एकच माणूस निघतो.

---

ऊसपट्टा

तारीख ठरली, शनिवार. आईची दुपारची मशेरी कालपासून बंद आहे, इसबगोल चालू केलंय, तवा शेजारी दिला होता तो परत मागवून भंगारात घातला. पट्टीबद्दल शेवटचं: आंघोळीला काढायची का? भाऊ खाणीवर असतो, घामही खूप येतो.

---

फार्मसी_काउंटर

आंघोळीला काढायची नाही, साध्या पाण्याने निघत नाही. पण त्या जागी साबण चोळू नका आणि फार कढत पाणी नको. उष्णतेने निकोटीन एकदम जास्त सुटतं, चक्कर-मळमळ होते. घामाने सुटत असेल तर दंडाऐवजी पाठीवर वर, खांद्याच्या पात्याजवळ लावा. आंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करून तळहाताने दहा सेकंद दाबून धरायची. तेल, पावडर त्या जागी नाही. सुटलीच तर नवी लावा, पण दुसऱ्या दिवशी बदलायची वेळ तीच ठेवा. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून टाका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.